ठेका, माइक आणि करारनामा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात लंडनची डान्स-पॉप गायिका-गीतकार रे हिच्यावर अर्धं पान छापलं होतं. मोठी कंपनी सोडून स्वतंत्रपणे अल्बम काढणारी आणि मार्च २०२४ मध्ये एका रात्रीत विक्रमी सहा ब्रिट पुरस्कार (ब्रिटनचे मोठे संगीत पुरस्कार) नेणारी ती हीच. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी निम्मे तिच्याबद्दल आहेत. उरलेले कोल्हापुरात बसून तसली गाणी करू पाहणाऱ्यांचे. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

रेचा करार २०१४ चा, मग पहिला अल्बम २०२३ मध्ये कसा? मधली वर्षं काय चाललं होतं?
— एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

काम चाललं होतं, आणि भरपूर. रे म्हणजे रेचल अगाथा कीन, जन्म १९९७, दक्षिण लंडन. क्रॉयडनच्या ब्रिट स्कूल या कलाशिक्षणाच्या शाळेत दोन वर्षं काढून ती बाहेर पडली आणि २०१४ मध्ये पॉलिडॉर कंपनीशी तिचा चार अल्बमचा करार झाला. मग जॅक्स जोन्सबरोबर ‘यू डोन्ट नो मी’ (२०१६), जोएल कोरी आणि डेव्हिड गेटाबरोबर ‘बेड’ (२०२१) ही नाचाची गाणी गाजली. दुसऱ्यांसाठी लिहिणंही चालू होतं. बियॉन्सेच्या ‘बिगर’च्या गीतकारांत तिचं नाव आहे. म्हणजे आवाज चालत होता, लेखणी चालत होती, फक्त स्वतःच्या नावाचा पूर्ण अल्बम निघत नव्हता. जून २०२१ मध्ये तिनं हे ट्विटरवर उघड लिहिलं आणि पुढच्याच महिन्यात ती कंपनीतून मोकळी झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘एस्केपिझम’ स्वतंत्रपणे आलं, टिकटॉकवर पसरलं आणि जानेवारी २०२३ मध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं. अल्बम ३ फेब्रुवारी २०२३ चा.

हे होतं कसं, ते करारातल्या दोन वेगवेगळ्या कलमांत आहे. एक कलम सांगतं की कलाकारानं इतके अल्बम कंपनीला ‘द्यायचे’. दुसरं कलम असेल तर सांगतं की कंपनीनं ते अमुक मुदतीत बाजारात ‘काढायचे’. पहिलं प्रत्येक करारात असतं. दुसरं मागून घ्यावं लागतं, आणि नवखा कलाकार ते मागत नाही. मग कंपनी म्हणते, आधी एक सिंगल चालू दे, मग बघू. शिवाय पुढच्या अल्बमचा ‘पर्याय’ कंपनीच्या हातात असतो. तिला नको असेल तर ती सोडते, पण कलाकाराला नको असेल तर त्याला सुटता येत नाही.

पैशाची गोष्ट आपल्याकडच्या ऊसतोडीच्या उचलीसारखी आहे: आधी रक्कम हातात, मग ती फिटेपर्यंत कमाई वळती. समजा ५ लाख उचल आणि तुमचा वाटा २० टक्के. कंपनीकडे २५ लाख जमा होतील तेव्हा कुठे उचल फिटेल, आणि त्यापुढच्या रुपयातले २० पैसे तुमचे. व्हिडिओचा खर्चही उचलीत धरला असेल तर तो २५ चा आकडा सहज ४० वर जातो. म्हणून ‘काय काय वसूल होणार’ ही यादी करारात नावानिशी लिहून घ्या.

आपल्या कायद्यात एक सोय आहे, जी फार कमी जणांना ठाऊक असते. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९: हक्क लिहून दिल्यावर समोरच्यानं वर्षभरात ते वापरलेच नाहीत तर ते लिहून देणं रद्द समजलं जातं. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पण हे सगळं ‘करारात वेगळं लिहिलं नसेल तर’. छापील करारात बहुधा वेगळंच लिहिलेलं असतं: कायमस्वरूपी, सगळं जग, आणि वर्षाची अट लागू नाही. त्या तीन ओळी शोधून त्याखाली रेघ मारा आणि वकिलाकडे जा. लग्नाचे हॉल बुक करून देणारा ओळखीचा माणूस यासाठी चालत नाही. वय १८ पूर्ण नसेल तर तुमची एकटीची सही कायद्यानं करार ठरत नाही.

मराठी शब्द त्या धप्-धप् ठेक्यावर बसतच नाहीत. इंग्रजी बसतात. असं का?
— एक गीतकार, शिवाजी पेठ

बसतात, पण शेवटाकडे बघावं लागतं. ‘घर’, ‘मन’, ‘नजर’ हे शब्द बोलताना व्यंजनावर बंद होतात आणि त्याआधीचा स्वर ऱ्हस्व आहे. हुकची (गाण्यात परत परत येणारी, लक्षात राहणारी) ओळ अशा शब्दावर संपली की लांबवायला काहीच उरत नाही. ‘घऽऽर’ म्हटलं की विनोदी होतं, आणि शेवटचा अ उच्चारून ‘नजरऽ’ म्हटलं तर ओवीचा वास येतो. ओवीत तो शोभतो, इथे नाही. त्याऐवजी ओळीचा शेवट आ, ई, ए, ओ यांवर आणा: ‘घरी’, ‘मनाला’, ‘नजरेला’, ‘ये ना’, ‘जाऊ दे’. विभक्ती हीच मराठीची मोठी सोय आहे. शेवटचा स्वर आपल्याला हवा तसा वळवता येतो. ‘रात’, ‘वाट’ चालतात, कारण आतला आ लांबतो आणि त किंवा ट ठोक्यावर तोडता येतो.

दुसरी अडचण गर्दीची. १२४ च्या लयीत (मिनिटाला १२४ ठोके) एका बारमध्ये, म्हणजे चार ठोक्यांच्या आवर्तनात, चार किक (ते धप्-धप् ठोके) पडतात. त्यात आठ अक्षरं आरामात बसतात, दहा झाली की रॅप होतो, बारा झाली की गाणारी धापा टाकते. हुकला तर पाच-सहाच ठेवा. जोडाक्षर किकवर ठेवा, दोन किकच्या मधल्या फटीत नाही. ‘स्वप्न’ फटीत गेलं की ‘सपन’ ऐकू येतं.

केरवा आठ मात्रांचा, म्हणून तो चार ठोक्यांवर दोन-दोन मात्रांनी सरळ बसतो. पण चाल मुळात सहा मात्रांच्या दादऱ्याच्या अंगाची सुचली असेल तर ती चारात कोंबू नका, शब्द लंगडतात. चालच नवी करा.

रचनेचंही गणित करा. १२४ ला एक बार १.९४ सेकंदांचा. ४ बार सुरुवातीची सुरावट, १६ बार कडवं, ८ बार हुककडे नेणारा चढ असं मांडलं तर हुक ५४ व्या सेकंदाला येतो, तोवर ऐकणारा पुढच्या गाण्यावर गेलेला असतो. कडवं ८ बारचं केलं की ३९ व्या सेकंदाला. बहुतेक वेळा कापलेल्या आठ बारमध्ये काही नवीन नसतंच.

मी २४ वर्षांची आहे. उशीर झाला का?
— एक वाचक, कसबा बावडा

रेचा पहिला अल्बम आला तेव्हा ती २५ वर्षांची होती.

मंगळवार पेठेत गल्लीला लागून खोली आहे. इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारं यंत्र) आणि कंडेन्सर माइक घेतला, तरी आवाज बादलीत गायल्यासारखा येतोय. काय करावं?
— दोघे मित्र

बादली खोलीतली आहे, माइकमधली नाही. बहुतेक जण फोम माइकच्या मागे चिकटवतात. एकतर्फी माइक मागून मुळातच कमी ऐकतो. तो ऐकतो समोरून, म्हणजे गाणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीवरून परतणारा आवाज. तेव्हा गादी किंवा दोन जाड गोधड्या गाणाऱ्याच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना टांगा. खोलीच्या बरोबर मध्यावर उभं राहू नका आणि कोपऱ्यातही नको. तोंड ते माइक १५ सेंटिमीटर, मध्ये पॉप फिल्टर (फुंकर अडवणारी जाळी). गल्लीत दुचाकींची ये-जा असेल तर कंडेन्सर ठेवून द्या आणि साधा डायनॅमिक माइक वापरा. तो लांबचं कमी उचलतो, मात्र तोंड ५ ते ८ सेंटिमीटरवर न्यावं लागतं. डोक्यावर पत्रा असेल तर पावसाळ्यात रेकॉर्डिंग रात्री उशिरा, पाऊस थांबल्यावर. पत्र्यावरचा पाऊस काढणारं प्लगइन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचं साधन) आवाजाचाही अर्धा जीव काढतं.

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सर्वांत मोठा शब्द उणे १० डेसिबलच्या आसपास. गाताना बफर (संगणक एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा घेतो तो) १२८ सॅम्पल ठेवा, म्हणजे एका बाजूचा उशीर ३ मिलिसेकंदांच्या आत. मिक्सला १०२४ करा. १०२४ वर गायलात तर एका बाजूचाच उशीर २१ मिलिसेकंदांचा, आणि गाणारी नकळत ठेक्याच्या मागे पडते. मग दोष तिच्या लयीला दिला जातो.

डान्स-पॉपमध्ये एकटा आवाज पातळ वाटतो. मुख्य आवाज मध्ये, आणि हुकवर आणखी दोन वेळा खरंच गाऊन एक डावीकडे, एक उजवीकडे, ८ ते १० डेसिबल खाली. कॉपी-पेस्ट करू नका. तोच आवाज दोनदा लावला की नुसता मोठा होतो, रुंद होत नाही. बाजूच्या आवाजांतले स, च, त कापा, नाहीतर एकाच शब्दाला तीन-तीन ‘स्’ ऐकू येतात.

सूर दुरुस्त करणारं प्लगइन वापरताना दुरुस्तीचा वेग शून्यावर नको. देवल क्लबच्या शास्त्रीय गाण्याच्या परंपरेत तयार झालेला गळा असेल तर त्यातली मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) आणि हरकत पायऱ्या-पायऱ्यांची होते. २५ ते ४० मिलिसेकंदांपासून सुरू करा, आणि मींड असलेल्या शब्दांवर प्लगइन बंदच ठेवा.

मोबाईलवर गाणं नाद खुळा वाजतंय, पण गणपतीत डॉल्बीवर लावलं की नुसती भिंत हादरतीय, शब्द एक कळत नाही.
— मंडळाचा एक कार्यकर्ता

मोबाईलच्या स्पीकरला साधारण २०० हर्ट्झच्या खालचं फारसं वाजवताच येत नाही. तुमच्या गाण्यातली किक आणि बेस यांची मारामारी खालीच, ५० हर्ट्झच्या आसपास चालली होती, ती तुम्ही ऐकलीच नव्हती. डॉल्बीनं ती दाखवली.

गाणं जी स्वरात असेल तर बेसचा खालचा जी ४९ हर्ट्झचा. किकचं पोटही तिथेच असेल तर दोघांपैकी एकाला हलवा. किक ६० च्या वर न्या, किंवा बेस किकवर न वाजवता दोन किकच्या मध्ये वाजवा. मग साइडचेन: किक पडली की बेस ४ ते ६ डेसिबल दबला पाहिजे, अटॅक (दबायला लागणारा वेळ) १ ते ५ मिलिसेकंद, रिलीज (परत वर यायला लागणारा) १२० ते १८०. १२४ च्या लयीत दोन किकमध्ये ४८४ मिलिसेकंद असतात. रिलीज ४५० ठेवलात तर बेस वर यायच्या आत पुढची किक पडते आणि गाणं बसल्यासारखं होतं.

शब्द का गेले? मंडळाच्या भिंतीवर डावा-उजवा बहुधा एकत्र करून वाजवतात. तुम्ही आवाज ‘रुंद’ करणारा इफेक्ट लावला असेल तर एकत्र होताना दोन्ही बाजू एकमेकींना खातात. मिक्स करताना मोनोचं (डावा-उजवा एकत्र करणारं) बटण दाबून बघा. आवाज मागे गेला तर तो इफेक्ट काढा. १२० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनोच ठेवा. सिंथला २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये २-३ डेसिबल कापा, शब्द तिथे राहतात. मास्टरवर आवाज आणखी दाबून उपयोग नाही. स्पॉटिफाय तो उणे १४ एलयूएफएसच्या (गाण्याच्या एकूण मोठेपणाचं माप) आसपास आणतं, आणि डॉल्बीवाला त्याच्या मनानं चढवतोच.

नियमानं निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हे छापणं आमचं काम. मिरवणुकीत ते कोण मोजतं, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत.

बीट मित्रानं केली, शब्द माझे, चाल दोघांची, लूप इंटरनेटवरचा. गाणं कुणाचं?
— एक वाचक, उद्यमनगर

इथे हक्क तीन: शब्द, संगीतरचना आणि ध्वनिमुद्रण. रेकॉर्डिंग संपल्यावर त्याच दिवशी एका कागदावर कुणाचे किती टक्के ते लिहा, प्रत्येक हक्काची बेरीज १०० आली पाहिजे, दोघांच्या सह्या. गाणं चालल्यावर हा कागद होत नाही. शब्द आणि संगीतरचनेच्या रॉयल्टीसाठी दोघांनी आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सदस्यत्व घ्या. २०१२ च्या दुरुस्तीनंतर हा रॉयल्टीचा वाटा कंपनीला कायमचा सोडून देता येत नाही. ‘सोडला’ असं लिहून घेतलं असलं तरी ते टिकत नाही.

लूपचा परवाना वाचा. ‘रॉयल्टी-फ्री’ म्हणजे वापरायला मोकळा, तुमच्या मालकीचा नव्हे. तोच लूप आणखी शेकडो जणांकडे आहे, म्हणून असं गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (दुसऱ्यांच्या व्हिडिओत तुमचा आवाज शोधणारी यंत्रणा) घालू नका, परक्यांवर खोटे दावे लागतात आणि तुमचं खातं अडकतं. दुसऱ्याच्या गाण्यातला तुकडा असेल तर ‘सात सेकंद चालतात’ असा काही नियम नाही. रेच्या ‘यू डोन्ट नो मी’ची बेसलाइन मँडी आणि बुका शेड यांच्या ‘बॉडी लँग्वेज’वरून आली आहे, आणि त्या मूळ रचनाकारांची नावं गीतकारांत आहेत. रीत तीच.

गाणं तयार आहे. ते स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणाऱ्या वितरकाकडे कसं द्यायचं?
— एक वाचक, लक्ष्मीपुरी

शुक्रवारची तारीख धरा आणि तीन ते चार आठवडे आधी द्या. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायचं तर प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी सुचवा, प्रकाशन झाल्यावर ती संधी नाही. फाइल वेव्ह, मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेल. रोमन लिपीतलं तुमचं नाव प्रत्येक वेळी एकाच स्पेलिंगनं लिहा. एक ‘ए’ जास्त झाला की वेगळंच पान तयार होतं आणि ऐकणारे दोन ठिकाणी वाटले जातात.

टिकटॉकवर आपल्याकडे २०२० पासून बंदी आहे, तेव्हा तुमचं पसरणं रील्सवर. हुकचे आठ बार १२४ ला साडेपंधरा सेकंदांचे होतात. तोच तुकडा निवडा आणि पहिल्या शब्दाच्या आधी एक किक ठेवा, नाहीतर पहिलं अक्षर कापलं जातं.

वितरकानं दिलेला आयएसआरसी क्रमांक (त्या रेकॉर्डिंगची ओळख) वहीत लिहून ठेवा. उद्या वितरक बदललात तर जुनं गाणं काढण्याआधी नव्याकडे त्याच क्रमांकानं, तीच फाइल चढवा. क्रमांक बदलला की आतापर्यंतचे ऐकल्याचे आकडे शून्यावर जातात, आणि ते परत जोडून द्यायला कुणी बांधील नसतं.