प्रश्न तुमचे, उत्तरे आमची : सरावपाठानंतरचे 'चिंतन' लिहायचे तरी काय?

या वेळच्या टपालात सरावपाठ (शिक्षक होण्याचे शिक्षण घेताना शाळेच्या वर्गात घ्यायचे पाठ) आणि त्यानंतरच्या चिंतन-नोंदी यांवरचेच प्रश्न घेतले आहेत. छात्राध्यापकांचे, म्हणजे शिक्षक होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांचे, गाऱ्हाणे एक, मार्गदर्शकांचे दुसरे. दुखणे मात्र एकाच जागी आहे.

प्रश्न : प्रत्येक सरावपाठानंतर एक पान चिंतन लिहून द्यावे लागते. चार-पाच पाठांनंतर माझ्या सगळ्या नोंदी एकाच साच्यातल्या झाल्या. 'पाठ चांगला झाला, विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला, वेळ कमी पडला, पुढच्या वेळी वेळेचे नियोजन करीन.' याहून वेगळे काही सुचतच नाही. – एक छात्राध्यापिका

उत्तर : सुचत नाही, कारण तुम्ही अख्ख्या पाठावर लिहिता. एका तासिकेत वर्गात इतके काही घडते की ते सगळे एका पानात कोंबायचे तर 'चांगला', 'उत्स्फूर्त' असली पोत्यासारखी विशेषणेच हाताशी येतात. त्यांत काहीही मावते. तेव्हा एकच प्रसंग निवडा, दोन-तीन मिनिटांचा. जिथे तुम्ही अडखळलात, जिथे टाचणाबाहेरचे (पाठाच्या लेखी आराखड्याबाहेरचे) काही घडले, किंवा एखाद्या मुलाच्या उत्तराने तुम्ही चकित झालात, असा. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी १९१० मध्येच मांडले होते की विचाराला सुरुवात होते ती अडचण जाणवल्यावर. पाठ उत्तम झाला तरी असा एखादा अडचणीचा क्षण त्यात असतोच.

लिहिण्याचे काम दोन वेळांत विभागा. पाठ संपल्यावर पंधरा मिनिटांच्या आत टाचणाच्या कोऱ्या बाजूवर चार-पाच ओळी खरडा : कोण काय बोलले (शक्यतो त्यांच्याच शब्दांत), तुम्ही काय केले, फळ्यावर काय होते. यात मत घालू नका. उरलेले संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी. सगळेच संध्याकाळवर टाकले तर मुलांचे शब्द विसरलेले असतात आणि वहीत उतरते ती फक्त आपली त्या वेळची मनःस्थिती.

फरक दिसावा म्हणून अपूर्णांकांच्या एकाच पाठावरच्या, नमुन्यासाठी रचलेल्या दोन नोंदी पाहा.

पहिली : 'एका विद्यार्थिनीने चुकीचे उत्तर दिले. मी तिला समजावून सांगितले. तिचे समाधान झाले. हा भाग अवघड असल्याने पुढच्या वेळी जास्त वेळ देईन.'

दुसरी : '"१/३ मोठा की १/४?" असे विचारले. तिसऱ्या बाकावरची मुलगी म्हणाली, "१/४, कारण चार मोठे." मी लगेच "नाही, नीट बघ" म्हटले, फळ्यावर दोन वर्तुळे काढली आणि भागही मीच पाडले. ती "हो" म्हणाली. नंतर १/५ आणि १/८ मध्ये तिने वहीत १/८ वर खूण केली. म्हणजे तिचे "हो" हे समजल्याचे नव्हते, मी पुढे जावे म्हणून होते. छेद म्हणजे किती भाग केले ते, हे तिच्यापर्यंत पोचलेले नाही. ती तीन आणि चार या सुट्या संख्यांची तुलना करते आहे. आपले कारण तिने स्वतःहून सांगितले होते, मीच ते कानाआड केले. शिवाय हाताने काढलेले एक वर्तुळ मोठे झाले होते. उद्या : सारख्या लांबीच्या दोन कागदी पट्ट्या तिला देईन. एक तिघांत वाटायची, दुसरी चौघांत. कापण्याआधी विचारीन, "कोणाच्या वाट्याला जास्त येईल?" मग १/६ आणि १/९ विचारून वहीतले उत्तर पाहीन.'

दुसरी नोंद लांब आहे म्हणून चांगली नव्हे. तिच्यात वहीतल्या खुणेचा पुरावा आहे, मुलगी काय विचार करत असावी याचा अंदाज आहे आणि उद्या तपासून पाहता येईल अशी एक कृती आहे. पहिल्या नोंदीतल्या 'समाधान झाले' याला आधार काय, असे विचारले तर लिहिणारा निरुत्तर होईल.

आणि 'वेळ कमी पडला' हे लक्षण झाले, निदान नव्हे. टाचणातल्या प्रत्येक टप्प्यासमोर ठरवलेली मिनिटे असतातच. त्यांच्या शेजारी प्रत्यक्ष लागलेली लिहा. पाच मिनिटांची प्रस्तावना बारा मिनिटे चालली असे दिसले की लिहायचे काय, हा प्रश्न उरत नाही. ती का लांबली तेवढे शोधा. बहुधा हवे ते उत्तर मिळेपर्यंत तुम्ही तोच प्रश्न शब्द बदलून वर्गाला विचारत राहिला असाल.

प्रश्न : आम्हाला नोंद लिहिण्यासाठी गिब्ज यांच्या चिंतनचक्राचे सहा टप्पे दिले आहेत. रोज सहाही लिहायचे का? 'भावना' या टप्प्यात काय लिहावे हे तर कळतच नाही. – एक छात्राध्यापक

उत्तर : ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ मध्ये मांडलेले टप्पे असे : वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि कृती आराखडा. रोज सहाही लिहायला लागलात की त्याचा फॉर्म होतो. रकाने भरायचे आणि मोकळे व्हायचे. रोजच्यासाठी टेरी बोर्टन यांचे १९७० पासून रूढ असलेले तीन प्रश्न पुरतात : काय घडले? त्याचा अर्थ काय? आता काय? आठवड्यातून एकदा, सगळ्यात गुंतागुंतीच्या प्रसंगासाठी, सहा टप्पे घ्या.

तेव्हाही सहांना सारखी जागा देऊ नका. नेहमी होते असे की वर्णनच अर्धे पान खाते आणि विश्लेषणाच्या वाट्याला दोन ओळी येतात. २५० शब्दांची नोंद असेल तर वर्णन ६० शब्दांत आवरा, विश्लेषणाला १२० द्या, कृतीला ४०, आणि बाकीचे तीन टप्पे मिळून ३०. मोजमाप ढोबळ आहे, पण सुरुवातीला शब्द खरोखर मोजा.

भावनेचे म्हणाल, तर 'मला आनंद झाला' किंवा 'दडपण आले' हे लिहून काही साधत नाही. भावना लिहायची ती तिने तुमच्या हातून काय करवले हे कळावे म्हणून. 'मागच्या रांगेत हसू फुटले, मला वाटले माझ्यावरच हसताहेत, म्हणून गटकार्य रद्द करून मी व्याख्यान सुरू केले.' एवढे एक वाक्य पुरे. निर्णय टाचणामुळे बदलला की घाबरल्यामुळे, हे त्यातून कळते.

प्रश्न : 'पाठ चालू असतानाही चिंतन करा' असे सांगितले जाते. शिकवायचे की चिंतन करायचे? – एक छात्राध्यापिका

उत्तर : डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये कृतीनंतरचे चिंतन आणि कृती चालू असतानाचे चिंतन असा भेद केला. दुसरे अनुभवाने अंगवळणी पडते. पहिल्या महिन्यात सगळे लक्ष 'पुढे काय' यातच असते, तेव्हा ते जमले नाही म्हणून जिवाला लावून घेऊ नका. त्याऐवजी टाचणात दोन थांबे आधीच आखून ठेवा, साधारण दहाव्या आणि पंचविसाव्या मिनिटाला. समासात प्रश्नचिन्ह काढा. तिथे आलात की बोलणे थांबवून दोन-तीन वह्यांवर नजर टाका आणि ठरवा : पुढे जायचे, की हेच दुसऱ्या वाटेने?

दुसरा सराव याहून सोपा. प्रश्न विचारल्यावर मनात तीनपर्यंत सावकाश मोजा. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांत मोजून पाहिले तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सुमारे एकच सेकंद थांबत होते. ते तीन किंवा अधिक सेकंद थांबू लागले तशी मुलांची उत्तरे लांबली आणि एरवी गप्प असणारी मुलेही बोलू लागली. ते तीन सेकंद शिक्षकाला फार लांब वाटतात, पण विचार करायला जागा असते ती तिथेच.

प्रश्न : चिंतन-नोंदींना गुण द्यावे लागतात. विद्यार्थी मग आम्हाला आवडेल तेच लिहितात. अलीकडे तर काहींच्या नोंदी एआयकडून लिहून घेतल्यासारख्या गुळगुळीत असतात. – एक मार्गदर्शक प्राध्यापक

उत्तर : चूक कबूल केली तर गुण जातील अशी शंका असेल तर कोणीही खरे लिहिणार नाही. उलट, कबुलीला गुण मिळतात असे कळले की खोट्या चुका रचल्या जातात! त्यामुळे पाठ कसा झाला याचे गुण वेगळे ठेवा, नोंदीचे वेगळे.

प्रत्येक नोंदीला गुण देऊ नका. दहा-बारा नोंदी झाल्या की त्यांतल्या तीन छात्राध्यापकाने स्वतः निवडाव्यात आणि त्या तिन्हींना जोडणारे एक पान लिहावे. गुण त्यालाच. पाहायच्या गोष्टी : दाव्याला पुरावा आहे का, एकाच घटनेची दुसरी शक्यता विचारात घेतली आहे का, आणि आधीच्या नोंदीत ठरवलेली कृती पुढच्या टाचणात प्रत्यक्ष उतरली का. तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त निसटते, कारण टाचणवही एकाकडे तपासायला जाते आणि नोंदवही दुसऱ्याकडे. टाचणाच्या माथ्यावरच 'मागच्या नोंदीतून आलेला बदल' अशी एक ओळ सक्तीची करा.

नोंदीची खोली जोखायला हॅटन आणि स्मिथ या संशोधकांची १९९५ ची चढती मांडणी हाताशी ठेवा : नुसते वर्णन, कारणासह वर्णन, स्वतःशी संवाद साधत पर्याय तोलणे, आणि शेवटी वर्गाबाहेरच्या सामाजिक संदर्भात प्रसंग पाहणे. शेवटच्या पायरीचा आग्रह पहिल्याच महिन्यात धरलात तर हाती मोठमोठे शब्द पडतील. तिथे न्यायचेच तर मोजणीतून न्या. बैठकीचा आराखडा काढून प्रत्येक प्रश्न कोणाला विचारला तिथे एक रेघ मारायला सांगा. बारांपैकी नऊ रेघा पुढच्या दोन बाकांवर पडल्या, की समान संधीवरचे व्याख्यान द्यावे लागत नाही.

शेरे लिहिताना 'छान', 'सखोल विचार करा' हे टाळा. समासात एकच प्रश्न लिहा. 'ती "हो" म्हणाली. समजले हे कशावरून?' असा.

एआयचा माग काढण्यात वेळ घालवू नका, त्यातून खात्रीने काही हाती लागत नाही. गुळगुळीत नोंदीत मुलांचे खरे शब्द नसतात, आणि असले तरी ते कुठल्याही वर्गातले वाटतात. नोंदीसोबत मूळ खरडलेल्या ओळी जोडायला सांगा आणि अधूनमधून पाच मिनिटे तोंडी विचारा : मुलगी कुठे बसली होती, मग तिने काय केले? ज्याने पाहिले आहे तो सांगतो.

प्रश्न : पाठानंतरच्या चर्चेत छात्राध्यापक नुसते 'हो मॅडम' म्हणतात आणि पुढच्या पाठात पुन्हा तेच. कुठे चुकते? – शाळेतील एक मार्गदर्शक शिक्षिका

उत्तर : बहुधा पहिल्याच वाक्यात. 'कसा झाला पाठ?' असे विचारले की 'बरा झाला' हेच उत्तर येते आणि मग आपल्या सूचनांचा पाऊस सुरू होतो. आठ सूचना ऐकणारा त्यांतली एकही घेऊन जात नाही.

निरीक्षण करताना वहीचे पान उभे दुभागा. डावीकडे वेळ आणि ऐकलेले शब्द, उजवीकडे आपले प्रश्न. विशेषणे कुठेच नकोत. चर्चेला वीस मिनिटे ठेवा. पहिली पाच छात्राध्यापकाची : 'तुम्हाला कुठल्या प्रसंगावर बोलायचे आहे?' पुढची दहा त्या प्रसंगावर, तुमच्या डाव्या रकान्यातली नोंद समोर ठेवून. उरलेल्या पाचांत पुढच्या पाठातला एक बदल त्यांनीच स्वतःच्या हाताने लिहायचा. तुमच्या मनातला मुद्दा याहून वेगळा असला तर तो पुढच्या खेपेला. वर्गात मुलांना इजा किंवा अपमान होत असेल तरच मध्ये पडा.

'असे का केले?' हा प्रश्न जाब विचारल्यासारखा लागतो. 'त्या वेळी मनात काय चालले होते?' असे विचारा. याला कारण आहे. समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले की शालेय शिक्षण संपेपर्यंत विद्यार्थ्याने शिक्षकांच्या सहवासात सुमारे १३,००० तास काढलेले असतात. शिकवणे म्हणजे काय याचे चित्र तेव्हाच पक्के झालेले असते, पण ते पाहिलेले असते बाकावरून. शिक्षक काय करतात ते दिसते, का करतात ते दिसत नाही. गांगरलेला छात्राध्यापक त्याच चित्राकडे धाव घेतो, आणि 'असेच तर करतात ना?' हे त्याचे प्रामाणिक उत्तर असते. मनातले ते चित्र बोलून बाहेर येत नाही तोवर तुमची सूचना त्याच्यावर नुसती चिकटवलेली राहते.

प्रश्न : पाठाचा व्हिडिओ काढून पाहिला, पण स्वतःचा आवाज आणि हातवारे पाहून ओशाळायलाच झाले. त्याचा उपयोग काय? – एक छात्राध्यापक

उत्तर : पहिल्यांदा सगळ्यांचेच असे होते, एकदा तसाच पाहून टाका आणि बाजूला ठेवा. दुसऱ्या वेळी तीनच मिनिटांचा तुकडा घ्या आणि त्यात एकच गोष्ट मोजा : प्रश्नानंतर थांबलेले सेकंद, किंवा मुलांचे किती शब्द तुम्ही पुन्हा उच्चारलेत. कॅमेरा वर्गाच्या मागे ठेवलात तर दिसता फक्त तुम्ही, म्हणून तो पुढच्या कोपऱ्यात मुलांकडे तोंड करून ठेवा. पाहायचे आहेत ते त्यांचे चेहरे आणि वह्या. चित्रण करण्याआधी शाळेची आणि पालकांची लेखी परवानगी घ्या, क्लिप कोणत्याही व्हॉट्सॲप गटावर टाकू नका आणि नोंद लिहून झाली की फोनमधून पुसून टाका, त्याच्या 'नुकतेच हटवलेले' फोल्डरमधूनही.