दुपारी बंद, संध्याकाळी सुरू : जुन्या मोटारसायकलींविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे २००३ ची हीरो होंडा स्प्लेंडर आहे. सकाळी पहिल्या किकला सुरू होते. दुपारी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून निघालं की सात रस्त्याच्या अलीकडे-पलीकडे झटके देऊन बंद पडते. अर्धा तास सावलीत लावली की काही झालंच नाही अशी चालते. गॅरेजवाले म्हणतात, बोअर-पिस्टन गेलंय, इंजिन खोलावं लागेल. करून घेऊ का?
— वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : इतक्यात नको. बोअर (पिस्टन खालीवर होतो ते सिलिंडरचं भोक) घासलेली गाडी मुख्यतः थंड असताना त्रास देते, सकाळी उठायलाच कुरकुरते. तुमची पहिल्या किकला उठते, म्हणजे थंड इंजिनात कॉम्प्रेशन (पिस्टननं दिलेला दाब) आहे. तापल्यावर बंद आणि निवल्यावर ठीक, याची कारणं बहुधा तीन ठिकाणी सापडतात : पेट्रोल, ठिणगी आणि टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरवरचा स्क्रू). मात्र तपासणी गाडी बंद पडल्या जागीच, गरम असतानाच करायची. गॅरेजपर्यंत ढकलत नेईपर्यंत ती निवते आणि दोष लपतो.

आधी टाकीचं झाकण उघडा. ‘सुस्स’ असा हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि मिनिटभरात गाडी सुरू झाली, तर झाकणाचं हवेचं छिद्र धुळीनं बुजलंय. पेट्रोल खाली उतरतं तसं टाकीत हवा यायला हवी. ती येत नाही, म्हणून धार थांबते. बारीक तारेनं छिद्र मोकळं करा. आवाज आला नाही तर कार्बोरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून बघा. इंजिन गरम असतं, तेव्हा पेट्रोल बाटलीत धरा, सांडू देऊ नका. सलग धार लागली तर पेट्रोल ठीक. थेंब थेंब आलं तर टाकीखालच्या पेट्रोल कॉकची जाळी काढून साफ करा.

मग ठिणगी. डिकीत एक नवा प्लग ठेवा, गॅप ०.६ ते ०.७ मिमी. पेट्रोलची बाटली लांब ठेवा, प्लगची कॅप काढून या नव्या प्लगला लावा, प्लगचं लोखंडी अंग इंजिनच्या पात्यांना टेकवा आणि किक मारा. जुना प्लग हेडमध्येच राहू द्या. भोक बंद राहतं आणि आतली वाफ पेटण्याचा धोका टळतो. सोलापूरच्या मे महिन्यातल्या उन्हात ठिणगी दिसत नाही, म्हणून अंगाची सावली करून बघा. निळी, ‘टक्’ आवाज करणारी ठिणगी चांगली. बारीक, नारिंगी असेल किंवा नसेलच, तर सगळ्यात स्वस्त वस्तूपासून सुरुवात करा. कॅप वायरवरून फिरवून काढा, वायरचं काळं पडलेलं टोक ५ मिमी कापा आणि कॅप पुन्हा घट्ट बसवा. रेझिस्टर असलेली कॅप मल्टिमीटरवर साधारण ५ किलो-ओहम दाखवते. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॅप मेली.

कॅप चांगली असेल तर टाकीखालच्या इग्निशन कॉइलवर ओलं फडकं ठेवा. दोन-तीन मिनिटांत ठिणगी परतली तर कॉइलच दोषी. आतली तार तापून फुगली की तुटलेल्या जागी सांधा सुटतो आणि थंड झाली की पुन्हा चिकटतो. इंजिनच्या डावीकडच्या मॅग्नेटजवळ, ठिणगीची वेळ ठरवणारी पिकअप कॉइल असते, तिलाही हाच रोग जडतो. तिचा ओहम थंड आणि गरम असताना मोजून दोन्ही आकडे ताडून बघा. फडकं फक्त टाकीखालच्या कॉइलवर. तापलेल्या सिलिंडरवर पाणी चुकूनही ओतू नका, पाती तडकतात.

पेट्रोल आहे, ठिणगीही आहे, पण गरम गाडीची किक पोकळ लागते? मग टॅपेट आवळलेला आहे. हे कारण सर्वाधिक दुर्लक्षित, आणि बहुतेक वेळा ते आपणच ओढवून घेतो. टॅपेटचा टकटक आवाज गिऱ्हाइकाला खटकतो, तो बंद व्हावा म्हणून मेकॅनिक स्क्रू आवळतो. गाडी शांत होते खरी, पण तापल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची दांडी लांबते, व्हॉल्व्ह सीटवर पुरता टेकत नाही आणि कॉम्प्रेशन तिथून निसटतं. शिवाय व्हॉल्व्हची उष्णता उतरते ती सीटमधूनच. टेकला नाही की तो जळतो. बारीक टकटक चालेल, मुका टॅपेट नको.

सेटिंग रात्रभर निवलेल्या इंजिनवरच करा. प्लग आणि हेडवरची टॅपेटची झाकणं काढा, डावीकडच्या मॅग्नेट कव्हरवरची दोन्ही गोल झाकणं काढा, मधल्या नटाला पाना लावून घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवा आणि ‘टी’ची खूण खाचेसमोर आणा. दोन्ही रॉकर बोटांनी किंचित हलले पाहिजेत. हलत नसतील तर आणखी एक पूर्ण फेरा द्या. फिलर गेजची (फट मोजायच्या साधनाची) ०.०५ मिमीची पाती दोन्हींच्या स्क्रूखाली थोडा अडसर देत सरकली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू सोबत फिरतो, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा मोजा.

प्रश्न : शंभर सीसीच्या गाडीतून निळा धूर येतो. रिंग बदलाव्यात की पूर्ण बोअर करावा?
— वाचक, होटगी रोड

उत्तर : धूर कधी येतो ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि निकाल त्यावरच लागतो. सकाळी सुरू करताच भपकारा येऊन मग थांबत असेल, तर रात्रभर व्हॉल्व्हच्या दांडीवरून ऑइल उतरलंय. व्हॉल्व्ह सील बदला, बोअरला हात लावू नका. रेस दिली की धूर, चढावर धूर, दिवसभर धूर असेल, तर रिंग (पिस्टनवरच्या कड्या) किंवा बोअर.

खात्री करायला कॉम्प्रेशन गेज लावा. गरम इंजिन, अॅक्सिलरेटर पूर्ण उघडा, पाच-सात किक, आकडा लिहा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर, म्हणजे ५ मिली इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा ठळक वाढला तर गळती रिंगांजवळ. जैसे थे राहिला तर व्हॉल्व्ह. सगळ्यात आधी ऑइलची पातळीही बघा, वरच्या खुणेच्या पुढे भरलं तरी धूर येतो.

बोअर करायचाच ठरला तर नवा पिस्टन आधी विकत घ्या आणि तो बोअरवाल्याच्या हातात द्या. पिस्टन मोजून त्याच्या मापानं बोअर कापायचा असतो, डब्यावरच्या आकड्यावरून नाही. ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापाहून मोठे, पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी असे मिळतात. चर काढायला जेवढं पुरेल तेवढंच कापा, थेट ०.५० वर उडी मारली की पुढची एक संधी जाते.

आणि बोअर घासला कशानं ते शोधा. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात धूळ एअर फिल्टरच्या फाटक्या कडेतून आत गेली की रिंगांना पॉलिश पेपरसारखी घासते. फोमचा फिल्टर रॉकेलमध्ये धुऊन वाळवा, इंजिन ऑइलमध्ये बुडवा आणि न पिळगटता दाबून काढा. तेलकट कागदी फिल्टर असेल तर हवा मारू नका, सरळ बदला.

प्रश्न : आरएक्स १०० वर्षभर उभी होती. आता रेस सोडली तरी आवाज लवकर खाली येत नाही. कार्बोरेटर दोनदा साफ केला.
— वाचक, बार्शी

उत्तर : केबल अडकत नाही याची खात्री करा, आणि तोवर गाडी पळवू नका. टू-स्ट्रोकची रेस अशी लटकते तेव्हा कुठून तरी फुकटची हवा आत शिरत असते. मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, पिस्टन तापतो आणि हायवेवर जाम होतो. कार्बोरेटर आणि इंजिनमधल्या जोडाभोवती ग्रीस थापा. आवाज लगेच खाली आला तर तिथलं रबर किंवा पॅकिंग बदला. फरक पडला नाही तर संशय मॅग्नेटमागच्या क्रँक ऑइल सीलवर. उभ्या गाडीत तिचं रबर वाळून कडक होतं. क्लचकडची सील गेली तर चित्र उलटं : ती गिअरबॉक्सचं ऑइल ओढते, पांढरा धूर निघतो आणि ऑइल कमी होत जातं. दोन्ही सील एकदमच बदला.

टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलसोबत जळणाऱ्या ऑइलच्या नळीत हवेचे बुडबुडे दिसले तर पंपाचा ब्लीड स्क्रू उघडून ते काढा, आणि पहिल्या टाकीत लिटरला २० मिली टू-टी ऑइल वेगळं मिसळा.

प्रश्न : पॉइंटच्या जुन्या बुलेटचे पॉइंट महिन्याभरात जळतात.
— वाचक, पंढरपूर

उत्तर : पॉइंट म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी करंट जोडणारी-तोडणारी टोकं. त्यांना जोडलेला कंडेन्सर बदला. तो गेला की पॉइंट उघडताना तिथंच मोठी ठिणगी पडते. नव्या पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी ठेवा आणि पॉइंट उघडणाऱ्या कॅमच्या नमद्याला ग्रीसचा एकच ठिपका द्या. जास्त झाला तर उडून पॉइंटवर बसतो.

प्रश्न : पार्किंगमध्ये कार्बोरेटरच्या ओव्हरफ्लो नळीतून पेट्रोल ठिबकतं. इथेनॉलमुळे का?
— वाचक, मंगळवेढा

उत्तर : असू शकतं. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलं नाही. कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणाऱ्या फ्लोट नीडलचं टोक आणि ओ-रिंग फुगतात, नळ्या चिरतात. कॉक बंद करून उभी करा, नीडल आणि तिची सीट बदला, पेट्रोलची नळी इथेनॉल चालणारी घ्या. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, तेव्हा गाडी पंधरा दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर कार्बोरेटरच्या तळाचा बाउल रिकामा करूनच ठेवा.