अकरावी की पदविका: प्रवेशापूर्वी एवढे कर

अकरावी विज्ञान घ्यावे की तंत्रनिकेतनात पदविका करावी, हा प्रश्न मी तुझ्या वयात मित्रांच्या मागे जाऊन सोडवला आणि त्याची खंत मला पुढे अनेक वर्षे राहिली, म्हणून हे सविस्तर लिहितो. पदविका तीन वर्षांची असून तिच्यानंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, त्यामुळे पदवीची वाट बंद होते हा समज खरा नाही; बारावीच्या मार्गाने जाणाऱ्याला मात्र सीईटी या प्रवेश परीक्षेची वेगळी तयारी करावी लागते.

नाशिककरांना सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती हाकेच्या अंतरावर आहेत, याचा फायदा घे. वडिलांच्या ओळखीने एखाद्या वर्कशॉपमध्ये चार दिवस लेथजवळ, म्हणजे धातू कातण्याच्या यंत्राजवळ, उभा राहा, व्हर्निअर कॅलिपरने जॉबचे, म्हणजे घडवल्या जाणाऱ्या भागाचे, माप कसे घेतात ते पाहा, आणि कूलंटच्या (कातताना गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) वासात आठ तास उभे राहणे आपल्याला मानवते का, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचार. कोणत्याही माहितीपुस्तिकेतून हे कळत नाही.

उत्पन्नाचा दाखला, अधिवास आणि लागू असल्यास नॉन-क्रिमीलेअर व जातवैधता प्रमाणपत्र यांसाठी निकालाची वाट पाहू नकोस, कारण माझ्या डोळ्यांदेखत एका हुशार मुलीची जागा केवळ कागद वेळेत न मिळाल्याने गेली.

घरच्या अडचणीमुळे आधी नोकरी करावी लागलीच, तर १९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आपल्याच नाशिकमध्ये आहे; तेथील अभ्यासक्रमांची चौकशी आईवडिलांना सोबत घेऊन आताच करून ठेव.