टेबलाचा नियम आणि खिशातली वही

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

लास वेगसला निघाला आहेस, आणि ब्लॅकजॅकचं बरं टेबल कसं ओळखायचं आणि जिंकलेल्या पैशांवर कर कसा लागतो, असं दोन्ही विचारलंस. लोक पहिला प्रश्न जाण्याआधी विचारतात आणि दुसरा पुढच्या एप्रिलमध्ये, विवरणपत्र भरायची वेळ आली की. तू दोन्ही एकदम विचारलेस याचा आनंद झाला. कारण खेळ परवडतो का, हे दोन्हींचा हिशेब एकत्र मांडल्याशिवाय कळत नाही.

खेळ साधा: पानांची बेरीज एकवीसच्या वर न जाऊ देता डीलरपेक्षा, म्हणजे कॅसिनोतर्फे पत्ते वाटणाऱ्यापेक्षा, जास्त करायची. टेबलापाशी गेलास की खुर्ची ओढायच्या आधी कापडावर छापलेलं वाच. ब्लॅकजॅक नावाचाच हात, म्हणजे पहिल्या दोन पानांत एक्का आणि सोबत दश्शी किंवा चित्राचं पान, लागला तर ‘३ ला २’ देतात की ‘६ ला ५’, हे तिथेच लिहिलेलं असतं. २५ डॉलर लावलेस तर पहिल्या टेबलावर साडेसदतीस मिळतात, दुसऱ्यावर तीस. साडेसात डॉलरचा फरक किरकोळ वाटतो. पण ब्लॅकजॅक सरासरी एकवीस हातांत, म्हणजे डावांत, एकदा येतो, म्हणजे तासाला तीनेकदा. एवढ्या एका ओळीने कॅसिनोचा वाटा, म्हणजे लावलेल्या रकमेतला सरासरी त्याच्याकडे राहणारा भाग, जवळपास १.४ टक्क्यांनी वाढतो. बाकी सगळे नियम एकत्र केले तरी साधारण एवढा फरक पडत नाही. स्ट्रिपवरच्या, म्हणजे मोठ्या कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावरच्या, कमी रकमेच्या टेबलांवर आता बहुतेक ६ ला ५ च दिसेल. ३ ला २ हवं असेल तर जास्त किमान रकमेच्या टेबलावर बसावं लागतं, नाहीतर डाउनटाउनला किंवा गावातले लोक खेळतात त्या कॅसिनोंत शोधावं लागतं. ‘एकच कॅट’ अशी पाटी पाहून भुलू नकोस. कॅट कमी तितकं खेळणाऱ्याला बरं हे खरं आहे, पण एका कॅटच्या टेबलावर ६ ला ५ लावलं की तो सगळा फायदा वाहून जातो आणि वर तोटा उरतो.

त्याच कापडावर दुसरी ओळ असते ती डीलरच्या सॉफ्ट सतराची, म्हणजे एक्का अकरा धरून होणारे सतरा, जसं एक्का आणि छक्की. त्यावर डीलर थांबत असेल तर तुला बरं. आणखी पान घेत असेल तर सुमारे ०.२ टक्का तुझ्या विरुद्ध जातो. स्प्लिट केल्यावर (जोडी फोडून दोन हात केल्यावर) डबल (दुप्पट रक्कम लावून एकच पान घेणं) करू देतात का, सरेंडर (अर्धी रक्कम सोडून हात टाकणं) आहे का, हे कापडावर नसतं. डीलरला सरळ विचार, तो सांगतो. सहा कॅटचा शू (पत्ते वाटायचा डबा), ३ ला २, डीलर सॉफ्ट सतरावर थांबणारा, स्प्लिटनंतर डबलची मुभा: असं टेबल मिळालं आणि तू बेसिक स्ट्रॅटेजी, म्हणजे कुठल्या हाताला काय करायचं याचा ठरलेला तक्ता, चुकवली नाहीस, तर कॅसिनोचा वाटा अर्ध्या टक्क्याच्याही आत येतो.

ही बेसिक स्ट्रॅटेजी कुणाच्या अंदाजातून आलेली नाही. १९५६ मध्ये अमेरिकी लष्करातल्या चार तरुणांनी टेबलावरच्या कॅल्क्युलेटरांवर आकडेमोड करून ती पहिल्यांदा छापली. अठ्ठीची जोडी आली की फोड, दश्शीची जोडी कधी फोडू नकोस, तुझी बेरीज बारा असताना डीलरचं उघडं पान चौकी असेल तर गप्प थांब. छापील तक्ता टेबलावर जवळ ठेवू देतात, लाजू नकोस. इन्शुरन्स, म्हणजे डीलरचा एक्का दिसल्यावर त्याला ब्लॅकजॅक लागेल अशी लावायची वेगळी पैज, मात्र कधीच घेऊ नकोस. सहा कॅटमध्ये डीलरचा एक्का दिसत असताना खालचं पान दहाचं असण्याची शक्यता ३११ पैकी ९६ असते, आणि इन्शुरन्सवर २ ला १ देतात. हिशेब केलास तर सात टक्क्यांहून जास्त कॅसिनोच्या खिशात. बाजूच्या गोलातल्या साइड बेट्स, म्हणजे जादा पैजा, याही तशाच महाग.

आता पैशांत बघ. २५ डॉलरचा डाव, तासाला ७० हात, म्हणजे तासाला १,७५० डॉलर टेबलावरून फिरतात. चांगल्या टेबलाचा वाटा अर्धा टक्का धरला तर सरासरी नुकसान तासाला पावणेनऊ डॉलर. ६ ला ५ आणि सॉफ्ट सतरावर पान घेणारा डीलर असेल तर वाटा दोन टक्क्यांच्या आसपास जातो आणि नुकसान ३५ डॉलर. पण एका तासाची नशिबाची वरखाली साधारण २४० डॉलरची असते. म्हणून वाईट टेबलावर जिंकून उठलेला माणूस नियम वाचत नाही आणि चांगल्या टेबलावर हरलेला नियमांना दोष देतो. एका रात्रीवरून टेबल जोखू नकोस.

पत्ते मोजण्याबद्दल, म्हणजे कोणती पानं निघून गेली ते लक्षात ठेवून त्यावर रक्कम लावण्याबद्दल, थोडक्यात सांगतो. डोक्यात मोजणं हा गुन्हा नाही. नेवाडात कॅसिनो तुला खेळायला मनाई करू शकतो. न्यू जर्सीत १९८२ च्या निकालानंतर केवळ त्या कारणावरून करू शकत नाही. पण ते शिकायला महिने लागतात. चार दिवसांच्या सहलीत त्याच्या नादी लागू नकोस.

आता कर. तू विद्यार्थी व्हिसावर आहेस, पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांत आहेस, म्हणजे करापुरता अनिवासी परकीय. अशांना ब्लॅकजॅक, बॅकरॅट, क्रॅप्स, रूलेट यांतल्या जिंकण्यावर संघीय कर नाही, कायद्यातच तशी सूट आहे. पण उठून स्लॉट मशीनपाशी गेलास आणि मोठी रक्कम लागली, तर ३० टक्के तिथेच कापून घेतात, आणि हरलेले पैसे त्यातून वजा मिळत नाहीत. राज्याचा कर हा वेगळा विषय. नेवाडात वैयक्तिक आयकर नाही, तू राहतोस त्या राज्याचा नियम मात्र तपासून घे.

नोकरीचा व्हिसा लागून तू करापुरता निवासी झालास की ही सूट संपते, आणि पहिल्या डॉलरपासून सगळं उत्पन्न दाखवावं लागतं. ब्लॅकजॅकच्या टेबलावर कॅसिनो सहसा डब्ल्यू-टू-जी फॉर्म (जिंकलेल्या रकमेचा करासाठीचा कागद) देत नाही, म्हणून ‘कागद नाही म्हणजे कर नाही’ असं समजणारी बरीच मंडळी मला भेटली. हे चूक आहे. फॉर्म ही कॅसिनोची जबाबदारी आहे, उत्पन्न दाखवणं तुझी.

हरलेल्या पैशांचा भाग नीट वाच. एका बैठकीतले हात एकत्र धरतात: ३०० घेऊन बसलास, ४५० घेऊन उठलास, तर जिंकलेले १५०. पण वर्षभराच्या जिंकलेल्या बैठका एका बाजूला आणि हरलेल्या दुसऱ्या बाजूला मांडाव्या लागतात. हरलेल्यांची वजावट फक्त शेड्यूल ए (विवरणपत्राचा वजावटी एकेक मांडायचा भाग) भरणाऱ्याला, आणि जिंकलेल्या रकमेच्या मर्यादेतच. त्यात २०२५ च्या कायद्याने २०२६ पासून तोट्याचा ९० टक्केच भाग धरला जातो. समज, जिंकलेल्या बैठकांत ४०,००० आले आणि हरलेल्यांत ३८,००० गेले. हातात उरले २,०००. वजावट मिळेल ३४,२०० ची, करपात्र राहतील ५,८००. २२ टक्क्यांनी १,२७६ डॉलर कर, म्हणजे उरलेल्यातला निम्म्याहून जास्त. शिवाय इतर वजावटी नसतील तर स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट मिळणारी ठरलेली वजावट, सोडावं लागतं, तो फटका याहून मोठा बसतो. अर्धा टक्का वाचवायला आपण टेबलं धुंडाळतो आणि इथे त्याच्या कितीतरी पट जातं. निवासी झाल्यावर नियमित खेळायचं मनात आलं, तर आधी हे गणित तुझ्या पगाराच्या आकड्यांवर करून बघ.

यासाठीच वही. मी स्वतः एक वर्ष काही लिहून ठेवलं नव्हतं. जिंकलेलं आठवत होतं, हरलेलं सिद्ध करता येईना, आणि वजावट सोडून द्यावी लागली. कर खात्याला हवं असतं ते फार नाही: तारीख, कॅसिनोचं नाव-पत्ता, कुठला खेळ, टेबल क्रमांक, सोबत कोण होतं, किती घेऊन बसलास आणि किती घेऊन उठलास. टेबलावरून उठल्यावर लगेच लिही. रात्री खोलीवर जाऊन लिहिलेले आकडे मऊ झालेले असतात. एटीएमच्या पावत्याही त्याच पानात ठेव. ही सवय यंदाच लाव, सूट असली तरी.

आणि एक गोष्ट, यात चूक करून चालणार नाही. एका दिवसात १०,००० डॉलरपेक्षा जास्त रोख व्यवहार झाला की कॅसिनो सरकारला कळवतो. तो रोजचा कागद आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण तो टाळण्यासाठी रक्कम तोडून तोडून वटवणं हा गुन्हा आहे, पैसे स्वच्छ असले तरी. कुणी सोबत्याने तसं सुचवलं तर तिथून ऊठ.

जाताना ठरवलेली रक्कम वेगळ्या पाकिटात ठेव आणि कार्ड खोलीत ठेव. पहिल्या रात्रीच्या पानाचा फोटो मला पाठव. त्यात वरच्या कोपऱ्यात टेबलाचा नियम लिहिलेला असू दे, मी आधी तोच बघणार आहे.

तुझा,
काका