काकूंना विचारा: बॉयलर बंद, गाडी सुरू

जानेवारी 2026च्या टपालात या वेळी थंडी आणि रेल्वे यांशिवाय दुसरं काही नाही. तीन पत्रं घेतेय. पहिल्याला जागा जास्त देते, कारण त्या घरात लहान मूल आहे.

काकू, नमस्कार. मी इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या एका रुग्णालयात नर्स आहे. नवरा घरून काम करतो, मुलगी 14 महिन्यांची आहे. शहरातली भाडी झेपेनात म्हणून ऑक्टोबरमध्ये आम्ही ॲशिंग्टनला आलो. तिथून न्यूकॅसलची रेल्वे सुरू झाली होती म्हणूनच हे धाडस केलं. 2 जानेवारीला घर आणि पाणी तापवणारा बॉयलर बंद पडला. घरमालकाच्या एजंटला फोन केला, चौथ्या दिवशी माणूस येऊन बघून गेला, "पार्ट मागवलाय" म्हणाला. आज 13 तारीख. मधल्या काळात दोन पंख्याचे हीटर तेवढे मिळाले. सकाळी बैठकीच्या खोलीत 12 अंश असतात. वर एजंट म्हणतो, करारात लिहिलंय की बॉयलर दुरुस्तीचे पहिले 100 पौंड तुमचे. पुढच्या महिन्याचं भाडं थांबवू का? नवरा म्हणतो, गप्प राहू, नाहीतर घर सोडायला सांगतील. आम्ही व्हिसावर आहोत. – एक नर्स, ॲशिंग्टन

अगं, भाडं थांबवू नकोस. बाकीचं सगळं नंतर वाच, पण हे आधी. बॉयलर बंद हा मालकाचा दोष, भाडं थकलं की तो तुझा होतो, आणि कोर्टात थकबाकीचा आकडा बॉयलरपेक्षा मोठ्याने बोलतो. दोन महिन्यांचं भाडं थकलं तर घर खाली करून घ्यायला मालकाला तेवढं कारण पुरतं (1 मे 2026 पासून ही मर्यादा तीन महिन्यांची). वीस वर्षं भाडेकरूंच्या सल्लाकेंद्रात बसले मी. न्याय ज्यांच्या बाजूने होता आणि तरी ज्यांनी घर घालवलं, अशी माणसं बहुतेक याच वाटेने गेलेली पाहिली.

आता ते 100 पौंड. करारातलं ते कलम फाडून टाक म्हणणार नाही, जपून ठेव, दाखवायला उपयोगी पडेल. 1985च्या घरमालक-भाडेकरू कायद्याचं कलम 11 सांगतं की सात वर्षांपेक्षा कमी मुदतीच्या भाडेकरारात घर गरम ठेवण्याची आणि पाणी तापवण्याची यंत्रणा चालू स्थितीत ठेवणं हे मालकाचं काम. करारात काहीही लिहून तो खर्च भाडेकरूच्या गळ्यात मारता येत नाही. तू सही केली असलीस तरीही नाही. फक्त एक अट: बिघाड झालाय हे मालकाला कळलेलं असलं पाहिजे.

आणि इथेच तुझी बाजू लंगडी आहे. तू फोन केलास. फोन हवेत जातो. माझ्या इथल्या पहिल्या हिवाळ्यात आमच्याही घरातली हीटिंग बंद पडली होती. मालक रोज गोड आवाजात "टुमॉरो" म्हणायचा. तीन आठवडे मी तो टुमॉरो ऐकला, कोट घालून पोळ्या लाटल्या, आणि शेवटी कुणी विचारलं की "कधी कळवलंत?" तेव्हा माझ्याकडे दाखवायला चिटोरंही नव्हतं. तेव्हा आज ड्यूटीवरून आलीस की एजंटला आणि मालकाला, दोघांना ईमेल कर. मालकाचं नाव-पत्ता माहीत नसेल तर भाडं घेणाऱ्या एजंटकडे लेखी माग, 21 दिवसांत तो देणं त्याला बंधनकारक आहे. ईमेलमध्ये रागावू नकोस. 2 जानेवारीला बंद पडला, त्याच दिवशी फोन केला, चौथ्या दिवशी माणूस येऊन गेला, घरात 14 महिन्यांचं बाळ आहे, सकाळचं तापमान इतकं, कलम 11 प्रमाणे दुरुस्ती करा आणि कोणत्या तारखेला होणार ते लेखी कळवा. बस. कायद्यात दिवसांचा आकडा नाही, "वाजवी वेळ" असं आहे. पण भर जानेवारीत, तान्ह्या पोराच्या घरात अकरा दिवस वाजवी आहेत असं कुणी म्हणालं तर मला येऊन सांगावं.

दोन-तीन पौंडांचा थर्मामीटर घे. सकाळ-संध्याकाळ त्याचा फोटो काढ, फोनवर तारीख आपोआप येते. विजेच्या मीटरचाही काढ. युनिटला साधारण 27 पेन्स धर: 2 किलोवॅटचा एक हीटर दहा तास चालला तर 5 पौंड 40 पेन्स, दोन चालले तर दुप्पट. हा जादा खर्च मालकाकडे मागता येतो, पण आकडे असतील तरच. आणि ते हीटर एक्स्टेन्शनच्या पट्टीवर लावू नकोस, थेट भिंतीतल्या सॉकेटला लाव.

दोन-तीन दिवसांत धड उत्तर आलं नाही तर नॉर्थंबरलँड काउंटी काउन्सिलच्या, म्हणजे तुमच्या स्थानिक प्रशासनाच्या, खासगी भाड्याच्या घरांचं बघणाऱ्या विभागाला फोन कर आणि तोच ईमेल त्यांना पाठव. ते घर तपासायला माणूस पाठवू शकतात. सरकारी मार्गदर्शनात घरातलं निरोगी तापमान 21 अंशांच्या आसपास धरलंय. तुझ्याकडे 12 आहे. "अति थंडी" हा त्यांच्या यादीतला धोका आहे, आणि तो पहिल्या, म्हणजे सगळ्यात गंभीर वर्गाचा ठरला की काउन्सिलला कारवाई करावीच लागते, मर्जीचा प्रश्न राहत नाही.

नवऱ्याच्या भीतीबद्दल. ती खोटी नाही, आजवर कारण न देता दोन महिन्यांच्या नोटिशीवर घर खाली करायला सांगता येत होतं. पण बघ: तू लेखी तक्रार केलीस, मग काउन्सिलने मालकाला सुधारणेची नोटीस बजावली, तर त्यानंतर सहा महिने त्याला तशी नोटीस देता येत नाही. म्हणजे गप्प बसण्याने नाही, लिहिण्याने संरक्षण मिळतं. आणि 1 मे 2026 पासून तर ती विनाकारण नोटीसच इंग्लंडमध्ये बंद. व्हिसाचा तर याच्याशी काडीचा संबंध नाही. दुरुस्ती मागितली म्हणून कुणाचा व्हिसा जात नाही. एजंटने तसं नुसतं सुचवलं तरी तेही ईमेलवरच सांगायला सांग त्याला. नाही सांगणार.

"आम्हीच माणूस बोलावतो आणि भाड्यातून कापतो" हा मार्ग आहे, पण त्याची शिस्त आहे: आधी लेखी पूर्वसूचना, तीन ठिकाणचे लेखी दर, पुन्हा मुदत, मग पावती. गॅसच्या बॉयलरला मी तो सहसा सुचवत नाही. रक्कम मोठी असते, आणि काम करणारा गॅस सेफ नोंदणीचाच (गॅसचं काम करणाऱ्यांची ती अधिकृत नोंदणी) हवा. येईल त्याचं कार्ड बघायचं, फोटो जुळतो का पाहायचं. मालकाने दरवर्षी गॅस तपासून दाखला द्यायचा असतो, तो तुला मिळालाय का? बॉयलरच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का? नसेल तर ईमेलमध्ये तीही एक ओळ.

इतर वाचकांसाठी: कडाक्याच्या थंडीत बॉयलर अचानक गुरगुरून बंद पडला तर आधी बाहेर जाऊन भिंतीतून येणारा पांढरा प्लॅस्टिकचा पाइप बघा. त्यातलं पाणी गोठलेलं असू शकतं. कोमट पाणी ओता, उकळतं नको. आणि दाबाचा काटा 1 ते 1.5च्या मध्ये आहे का पाहा. निम्मे टुमॉरो इथेच टळतात. हाउसिंग असोसिएशनच्या (नफ्यासाठी नसलेल्या, घरं भाड्याने देणाऱ्या संस्थेच्या) किंवा काउन्सिलच्या घरात राहत असाल तर तुमचं पारडं आणखी जड आहे. रॉचडेलमध्ये बुरशी लागलेल्या घरात दोन वर्षांचा अवाब इशाक 2020 मध्ये गेला. त्याच्या नावाच्या कायद्याने 27 ऑक्टोबर 2025 पासून तातडीच्या धोक्यावर 24 तासांत हालचाल करणं त्यांना भाग आहे. खासगी घरांना तो अजून लागू झालेला नाही, म्हणून नर्सबाईंना मी वरचा लांबचा रस्ता सांगितला.

ॲशिंग्टनला आलीस ते चुकलं असं मात्र समजू नकोस. फक्त पुढच्या वेळी घर बघताना स्टेशन किती मिनिटांवर हे विचारून झालं की बॉयलर किती वर्षांचा हेही विचार, आणि तिथेच गरम पाण्याचा नळ सोडून बघ. खाणकामगारांसाठी बांधलेल्या त्या लांबलचक चाळींना ज्युलिएट स्ट्रीट, रोझलिंड स्ट्रीट अशी शेक्सपिअरची नावं आहेत. नावावर भाळू नये, एवढंच.

आम्ही गॅलाशील्सला राहतो, बॉर्डर्स रेल्वेने एडिंबराला जातो. आमच्याही घरात रेडिएटर निम्मे थंड. कलम 11 दाखवू का? – एक जोडपं

नको. स्कॉटलंडचा कायदा वेगळा. तुमच्याकडे 2006च्या कायद्यातला दुरुस्तीचा दर्जा लागू होतो, आणि मालक ऐकत नसेल तर घरांसाठीच्या न्यायाधिकरणाकडे थेट अर्ज करता येतो. आधी लेखी कळवायचं, हे तिकडेही तेच. आणि रेडिएटर वरून थंड, खालून गरम असेल तर आत हवा अडकलीय. छोटी किल्ली मिळते, ती फिरवून हवा सोडा, खाली फडकं धरा.

काकू, तुमचा अंक इंटरनेटवर वाचतो. ॲशिंग्टनला 60 वर्षांनी गाडी आली असं मागच्या अंकात होतं. आमची शकुंतला, मूर्तिजापूर–अचलपूरची छोटी गाडी, का नाही येत? घरात मूर्तिजापूर–दर्यापूरचं एक जुनं तिकीट सापडलं. – दर्यापूर, जि. अमरावती

भाऊ, तुम्ही दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. माझं माहेर अंजनगाव सुर्जी. विड्याच्या पानांच्या टोपल्या, गाडीशेजारून धावणारी पोरं, आणि "काहून थांबली बे?" असं इंजिनालाच विचारणारे आमचे आजोबा, हे सगळं त्या गाडीत होतं. गंमत म्हणजे तिचं वाफेचं इंजिन मँचेस्टरचं, 1921 साली बनलेलं. 1994 पर्यंत ओढलं त्याने. मी लग्न होऊन इंग्लंडला आले तेव्हा मला वाटलं, इंजिनाच्या माहेरी आले.

पण दोन्हींत फरक आहे, तो सांगायला हवा. ॲशिंग्टनची पॅसेंजर 2 नोव्हेंबर 1964 ला बंद झाली, रूळ मात्र उखडले नाहीत. कोळसा न्यायचा होता. ॲशिंग्टनची खाण 1988 मध्ये मिटली, तरी लाइनमाउथच्या वीज केंद्रासाठी मालगाड्या धावत राहिल्या. म्हणजे माणसं उतरवली, लाइन जिवंत ठेवली. म्हणून 15 डिसेंबर 2024 ला गाडी आली तेव्हा ती त्याच मार्गावर, वॉन्सबेक नदीवरच्या जुन्या पुलावरूनच आली. पस्तीसेक मिनिटांत न्यूकॅसल, सुरुवातीचं तिकीट 3 पौंड. तरीही 16.6 कोटी पौंडांचा अंदाज 29.85 कोटींवर गेला, आणि पहिल्या दिवशी मधल्या स्थानकांपैकी एकटं सीटन डेलाव्हल उघडलं. बेडलिंग्टन जानेवारी 2026 मध्येही व्हायचंच होतं.

शकुंतलेचे रूळ 762 मिलिमीटरचे, ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचं. जुन्यावरून नवी गाडी धावणार नाही. भराव रुंद करायचे, पूल नव्याने बांधायचे, मूर्तिजापूर ते अचलपूर 76 किलोमीटर. त्यात मालकीचं त्रांगडं: लाइन ब्रिटिश काळातल्या खासगी कंपनीची, चालवायची भारतीय रेल्वे. तेव्हा "पुन्हा सुरू करा" असं निवेदन दिलंत तर समोरचा माणूस मनातल्या मनात "नवी बांधा" असं ऐकतो आणि फाइल खाली ठेवतो.

इथे प्रवासी संघटना वर्षानुवर्षे मागे लागली होती. तुम्ही लागणार असाल तर शकुंतलेच्या आठवणी निवेदनात घालू नका. दर्यापूरहून अकोल्याला दवाखान्यात आणि कॉलेजला रोज किती जण जातात, एसटीला किती वेळ लागतो, तिकीट किती, मूर्तिजापूरला मुंबई–हावडा लाइनच्या कोणत्या गाड्या त्यांना पकडता आल्या असत्या, हे एका कागदावर लिहा. बसस्टँडवर सकाळी सात ते नऊ उभे राहून मोजलंत तरी चालेल. एका सोमवारी आणि एका बाजाराच्या दिवशी.

आणि त्या तिकिटाचा फोटो मला पाठवाल का? पुठ्ठ्याचं आहे ना? तारखेचा ठसा असेल, तो नीट दिसू द्या.