जर्मनी एक झाल्यावर अमेरिकी फौजा निघून गेल्या, मग जर्मन–अमेरिकन मैत्री टिकली कशी?

‘फौजा गेल्या म्हणजे मैत्रीही आटली असणार’ हा प्रश्नातला सूर खटकला, म्हणून लिहितोय.

मुळात फौजा सगळ्या गेल्याच नाहीत. बर्लिनमधून सप्टेंबर १९९४ मध्ये गेल्या. पश्चिमेकडचा रामश्टाइनचा अमेरिकी हवाई तळ आजही आहे. पूर्वेची गोष्टच वेगळी. १२ सप्टेंबर १९९० च्या करारानं जुन्या पूर्व जर्मनीत परकी फौज ठेवायला बंदी आली. म्हणजे शेजारी राहणारं अमेरिकन कुटुंब, तळावरची नोकरी, त्यातून जुळलेली लग्नं हे पश्चिमेला आयतं मिळालं होतं. लाइपझिग, ड्रेस्डेनला ते कधीच मिळालं नाही. शाळेत पहिली परकी भाषासुद्धा रशियन!

मग पूर्वेच्या शहरांचे अमेरिकन शहरांशी सिस्टर सिटी, म्हणजे शहरांच्या मैत्रीचे करार झाले: ड्रेस्डेन–कोलंबस १९९२, लाइपझिग–ह्यूस्टन १९९३, केमनिट्स–ॲक्रन १९९७. नुसत्या करारावर माझा विश्वास नाही. महापौर येतात, फलक लागतो, फोटो निघतो. खाली दोन शाळा जोडलेल्या नसतील तर पुढे पत्रव्यवहारसुद्धा होत नाही.

खरं काम शाळांच्या जोड्यांनी केलं. जर्मन आणि अमेरिकन शाळांची जोडी लावणारा गाप नावाचा कार्यक्रम आहे, अमेरिकेतला कारभार गोएथे इन्स्टिट्यूट बघतं (आपल्याकडचं मॅक्सम्युलर भवन, तीच संस्था). दोन-तीन आठवडे जर्मन मुलं अमेरिकन मुलांच्या घरी राहतात, मग तीच अमेरिकन मुलं त्यांच्या घरी. वेळापत्रकाची मेख अशी, की बऱ्याच अमेरिकन शाळा जूनच्या मध्यापर्यंत सुटतात आणि जर्मन शाळा बहुतेक राज्यांत त्यानंतरही चालू असतात. म्हणून अमेरिकन गट जूनमध्ये जातो, त्याला चालू वर्गात बसता येतं. जर्मन गट ऑक्टोबरच्या सुट्टीला लागून निघतो, म्हणजे तास कमी बुडतात. उलटं केलंत तर पाहुणे रिकाम्या शाळेत पोचतील.

बिघडतं कुठे? जर्मनीत १६ व्या वर्षी बिअर कायदेशीर आहे, अमेरिकेत २१ शिवाय नाही. एका बाटलीपायी मुलाची घरी रवानगी होऊ शकते. अमेरिकन उपनगरात सहसा बस नसते, त्यामुळे बस-ट्रामनं एकट्यानं फिरणारं जर्मन पोर यजमान आईच्या गाडीवर अवलंबून राहून कावतं. तिकडे अमेरिकन मुलगा चार दिवसांत सगळ्यांना ‘फ्रेंड’ म्हणतो. जर्मनाच्या लेखी तो अजून ‘बेकान्टर’, नुसता ओळखीचा. दोघांनाही वाटतं समोरचा खोटा आहे. आणि सगळ्यात मोठी अडचण: सारा व्याप एका जर्मन शिकवणाऱ्या बाईंवर चालतो. त्या निवृत्त झाल्या की संपलं. दुसरा शिक्षक दोन वर्षं आधीपासून सोबत न्यायलाच हवा.

आता जुना वाद. ‘दोन आठवड्यांची ती सहल, खरा तो वर्षभराचा कार्यक्रम’ असं म्हणणारे भेटतातच. त्यांचा रोख बुंडेस्टाग (जर्मन संसद) आणि अमेरिकन काँग्रेसनं १९८३ मध्ये सुरू केलेल्या शिष्यवृत्तीवर असतो. ती उत्तमच आहे, जर्मन खासदार एकेका मुलाचे पाठीराखे होतात, अमेरिकन मुलांना आधी जर्मन यावंच लागतं असंही नाही. पण त्यात एक पोर जातं आणि एक घर पाहुणचार करतं, तोही बिनमोबदला. त्याच्या बदल्यात त्या घरचं कुणी परत त्याच्या घरी जाईलच असं नाही. जोडीच्या कार्यक्रमात दोन्हीकडचे आईबाप एकमेकांच्या मुलाला जेवू घालतात. वर्षभर गेलेला मुलगा इंग्रजी पक्कं करून येतो. दोन घरांची मैत्री मात्र दोन आठवड्यांतच जास्त होते, कुणी काहीही म्हणो.

हां, सगळं करारांनी आणि शाळांनीच केलं असंही नाही. सरकारी चौकटीबाहेर व्यक्तींनीही बरंच केलं. सिलेशियात जन्मलेले, अमेरिकेत स्थायिक झालेले शास्त्रज्ञ ग्युंटर ब्लोबेल यांनी १९९९ च्या नोबेलची रक्कम ड्रेस्डेनला दिली, तिथलं फ्राउएनकिर्शं हे चर्च आणि नव्या सिनेगॉगसाठी (ज्यूंचं प्रार्थनास्थळ). फ्राउएनकिर्शं २००५ मध्ये पुन्हा उघडलं.