मुलगा म्हणतो ०.७५ हे ०.८ पेक्षा मोठं. त्याला दशांश कसे समजावू?

पंचाहत्तर आठापेक्षा मोठे, हे आपणच त्याच्याकडून चार वर्षं घोकून घेतलंय. तो तेच सांगतोय. माझी मुलगी पाचवीत अगदी हेच करायची, आणि त्यावरून आमच्या घरात झालेला वाद अजून मिटलेला नाही, म्हणून लिहितेय.

माझा दादा इंजिनीअर. सुट्टीत आला होता, वही बघून म्हणाला, "सोप्पंय गं, मागे शून्य लाव. ०.८० आणि ०.७५. आता ऐंशी मोठे की पंचाहत्तर?" दहाच्या दहा गणितं बरोबर. मामा खूश, भाची खूश. चार दिवसांनी वहीत काय, तर २.५ × १० = २.५०. मी ओरडले तर म्हणते, "दहाने गुणताना मागे शून्यच लावतात ना!" तिचं काय चुकलं? पूर्ण संख्येमागे शून्य लावलं की दसपट, दशांशाच्या शेवटी लावलं तरी संख्या तेवढीच, आणि असं का, ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग मी चौकटीच्या वहीतून दहा चौकटींची पट्टी कापली. अख्खी पट्टी म्हणजे १. ०.८ ला तिने आठ चौकटी रंगवल्या. ०.७५ ला सात रंगवल्या आणि पेन्सिल चावत बसली. "पण हे पाच कशाचे?" पुढच्या चौकटीचे दहा बारीक उभे काप केले, त्यातले पाच रंगवले. साडेसात चौकटी. (मीटरची टेप घेऊ नका. तिथे ८० सेंमी आणि ७५ सेंमी होतात, म्हणजे पुन्हा दादाचंच शून्य.) दुसऱ्या दिवशी विचारते, "दशकाला दशांश, शतकाला शतांश, मग एकांश कुठंय?" मला रात्रभर सुचेना. मग कळलं, जोड्या टिंबाच्या दोन बाजूंना नाही, एककाच्या दोन बाजूंना लागतात. टिंब फक्त एकक कुठला ते दाखवतं.

"पॉइंट पंचाहत्तर" म्हणणं आधी बंद करा. पॉइंट सात पाच म्हणा. घड्याळाची वेळही टिंब देऊन लिहू नका. ५.३० म्हणजे साडेपाच आणि ५.५ म्हणजेही साडेपाच, पोराने करायचं काय?

हां, ०.३ आणि ०.४५ विचारलंत तर तुमचा मुलगा बरोबर सांगेल, कारण ४५ मोठे. तेवढ्यावर जाऊ नका. काही मुलं उलटीही चुकतात. दशांश शतांशापेक्षा मोठा, म्हणून ०.३ मोठं म्हणतात. त्यांचं औषध वेगळं असेल, मला फक्त आमच्या घरातलं माहीत आहे.

आणि शून्य लावणं चूक नाही, वजाबाकीत लागतंच. दादा म्हणतो पेपरात पट्ट्या कापायला वेळ नसतो. खरंय. पण ती आता सातवीत आहे आणि पट्टी केव्हाच हरवली, तिला लागतही नाही. २.५० वाली वही मात्र मी जपून ठेवलीय, दादा पुढच्या सुट्टीत येणार आहे.